प्रतिज्ञापत्रावर सही करण्याआधी

पैसे देऊन प्रबंध लिहून घेण्याची सोय चॅटजीपीटीने आणलेली नाही. ती वऱ्हाडातच काय, साऱ्या देशात त्याआधीपासून होती. टायपिंग, झेरॉक्स आणि बायंडिंगच्या पाट्या जिथे लागतात, त्याच्या आसपास सिनॉप्सिसपासून सबमिशनपर्यंत सगळं करून देणारा कुणीतरी भेटायचाच, आणि कुणाचा प्रबंध कुणाच्या हातचा, हे विभागातल्या शिपायालाही ठाऊक असायचं. मात्र त्या सौद्याला पैसे लागत, ओळख लागे, आणि खरं काय ते निदान एका तरी तिसऱ्या माणसाला माहीत असे. ३० नोव्हेंबर २०२२ला चॅटजीपीटी लोकांसाठी खुलं झालं आणि हा तिसरा माणूस मधून उठून गेला. आता वसतिगृहाच्या खोलीत रात्री अकरा वाजता, फुकटात, कुणाला न सांगता पूर्वसंशोधनाच्या आढाव्याचं अख्खं प्रकरण काढता येतं. ज्याच्यासमोर शरमायचं असा कुणी उरला नाही, की शरमही पातळ होते.

ही पुस्तिका अमरावती आणि अकोल्यात एम.ए., एम.एस्सी., एम.एस.डब्ल्यू., एम.एस्सी. कृषी आणि पीएच.डी. करणाऱ्यांसाठी आहे. संत गाडगेबाबा अमरावती विद्यापीठ १ मे १९८३चं. अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलडाणा आणि वाशीम हे पाच जिल्हे त्याच्याकडे. अकोल्याचं डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ त्याहून जुनं, २० ऑक्टोबर १९६९चं. एकीकडे मराठी, समाजशास्त्र, अर्थशास्त्र, रसायनशास्त्र; दुसरीकडे कपाशीच्या आणि सोयाबीनच्या चाचण्यांचे प्लॉट. दोन्हीकडे येणाऱ्यांत घरातला पहिला पदवीधर असलेले पुष्कळ. त्यांना ‘हे वापरू नका’ एवढंच सांगणारी चार पानं लिहिणं सोपं होतं. ती कुणी वाचली नसती, आणि वाचणाऱ्यानेही ती यंत्राकडूनच सारांश करून घेऊन वाचली असती.

म्हणून बंदीचा सूर इथे नाही. प्रत्येक प्रबंधाच्या सुरुवातीला प्रतिज्ञापत्राचं एक पान असतं. हे संशोधन माझं स्वतःचं आहे, असं त्यावर लिहिलेलं असतं आणि खाली सही. बहुतेक जण ते पान मागच्या वर्षीच्या प्रबंधातून उचलतात, नाव बदलतात आणि पुढे जातात. माझ्या मते या विषयातला सगळा वाद त्या एका पानावर येऊन थांबतो. संशोधक म्हणजे ग्वाही देणारा माणूस. ‘हे मी वाचलं, हे मी मोजलं, हे मला अमुक बाईने अमुक गावात सांगितलं; शंका असेल तर मला विचारा.’ यंत्र कितीही सुरेख लिहो, त्याला ग्वाही देता येत नाही, कारण त्याला व्हायवाला उभं करता येत नाही. ‘नेचर’सारख्या नियतकालिकाने जानेवारी २०२३मध्येच यंत्राला लेखक म्हणून मान्यता द्यायला नकार दिला, तो याच कारणाने: जबाबदारी घेऊ न शकणाऱ्याचं नाव लेखकांत घालता येत नाही. आपल्या कामातला जो भाग या ग्वाहीचा नाही, तिथे यंत्र खुशाल वापरा. जो ग्वाहीचा आहे, तिथे त्याला हात लावू देऊ नका. हे म्हणायला सोपं आहे. कुठला भाग कुठल्या बाजूला पडतो, हे ठरवताना घाम निघतो, आणि ही पुस्तिका त्यासाठीच आहे.

आधी यंत्राबद्दल थोडं. ते पुस्तकं उघडून पाहत नाही. अफाट मजकुरावर ते घडवलेलं असतं आणि एका शब्दामागून कोणता शब्द येणं संभवतं, याचा अंदाज बांधत वाक्यामागून वाक्य वाढवत नेतं. जोडीला इंटरनेटवर शोधायची सोय दिली, तर काही पानं ते उघडतं खरं. पण उघडलेल्या पानात जे आहे तेच लिहील, याची हमी तरीही नसते. अकोल्याच्या विद्यापीठाने काढलेल्या अमेरिकन कपाशीच्या वाणांना एकेएच आणि देशी कपाशीच्या वाणांना एकेए असे संकेत असतात. अमरावतीच्या प्रादेशिक केंद्रातल्या सोयाबीनला एएमएस. ‘एकेए-७’ हा खरा वाण आहे, ‘पीकेव्ही रजत’ खरा आहे, ‘पीडीकेव्ही यलो गोल्ड’ म्हणजे ‘एएमएस-१००१’ हाही खरा. हा साचा यंत्राला फार लवकर उमगतो. त्यामुळे खारपाणपट्ट्यासाठी कोणते वाण, असं विचारलं की ते असा एखादा संकेत जुळवून देऊ शकतं, जो दिसायला अगदी घरचा वाटतो आणि विद्यापीठाच्या कुठल्याच शिवारात कधी पेरलेला नसतो. एसटी स्टँडवर ‘हो, हीच गाडी दर्यापूरला जाते’ असं छातीठोक सांगणारा एक माणूस नेहमी उभा असतो. तो खोटं बोलत नसतो. ‘माहीत नाही’ हे उत्तर त्याच्याकडे नसतं, इतकंच.

संदर्भसूचीत हा माणूस फार महागात पडतो. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका तपासणीत जीपीटी-३.५ने दिलेल्या संदर्भांपैकी ५५ टक्के आणि जीपीटी-४ने दिलेल्यांपैकी १८ टक्के संदर्भ मुळात अस्तित्वातच नव्हते. लेखकांची नावं ओळखीची, नियतकालिकं खरी, वर्ष पटणारं, फक्त तो लेख कुणी कधी लिहिलेला नव्हता. त्यानंतरची यंत्रं सुधारली आहेत. पण सुधारलेल्या यंत्राचा धोका एका अर्थी मोठा: दहांतले नऊ संदर्भ खरे निघाले की दहावा कुणी उघडत नाही.

हे फक्त विद्यार्थ्यांच्या बाबतीत होतं असंही नाही. न्यूयॉर्कमध्ये २०२३ साली चॅटजीपीटीने रचलेले निवाडे न्यायालयात सादर केल्याबद्दल वकिलांना ५,००० डॉलर दंड झाला, तेव्हा आपल्याकडे लोक हसले होते. ऑक्टोबर २०२५मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने प्राप्तिकर खात्याचा एक आकारणी आदेश रद्द केला. त्यात आधाराला घेतलेले तीन निवाडे कुठेच सापडत नव्हते. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या या काळात यंत्राने पुढे केलेल्या निकालांवर डोळे झाकून विसंबू नका, आधी पडताळा, असं न्यायालयाला अधिकाऱ्यांना सांगावं लागलं. आदेशाखाली सही अधिकाऱ्याची होती. प्रतिज्ञापत्राखालीही ती तुमची असणार आहे.

मराठीत काम करणाऱ्यांच्या वाट्याला आणखी एक खड्डा येतो. शोधगंगेवर असलेले आपल्याकडचे जुने मराठी प्रबंध पुष्कळदा स्कॅन केलेले असतात, नाहीतर युनिकोड येण्याआधीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेले. डोळ्यांना अक्षरं नीट दिसतात. फाइलच्या पोटात मात्र इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा काला असतो. अशी फाइल यंत्राला देऊन सारांश मागितला, तर ‘मला हे वाचता येत नाही’ असं ते दर वेळी म्हणेलच असं नाही. शीर्षक आणि इकडचे तिकडचे दोन-चार वाचता आलेले शब्द यांवरून ते पानभर सारांश देऊ शकतं. तो पटतोसुद्धा, कारण शीर्षकावरून तुम्हीही तेवढंच लिहिलं असतं. उपाय कंटाळवाणा आहे: प्रबंध स्वतः उघडा, निदान निष्कर्षाचं प्रकरण वाचा, पानाचा क्रमांक वहीत टिपा.

अमरावती जिल्ह्यात मोर्शी तालुक्यात रिद्धपूर आहे. तिथे २०२४मध्ये मराठी भाषेचं विद्यापीठ सुरू झालं, ते ‘लीळाचरित्रा’मुळे. या ग्रंथाचा आद्य मराठी गद्यग्रंथ म्हणून आपण गौरव करतो, भाषणं करतो. संशोधनाची पद्धत म्हणून मात्र त्याच्याकडे फारसं कुणी पाहत नाही, आणि माझ्या मते कोर्सवर्कचा पहिला तास त्याच्यावरच व्हायला हवा.

महानुभाव पंथाच्या चक्रधरस्वामींच्या प्रयाणानंतर म्हाइंभटाने त्यांच्या आठवणी गोळा करायला घेतल्या. म्हाइंभट सराळ्याचा, शास्त्री, वादविवादात मुरलेला. मनात आणलं असतं तर ऐकीव माहितीवर एक देखणं चरित्र त्याने एकहाती लिहून टाकलं असतं. त्याने तसं केलं नाही. नागदेवाचार्य, म्हणजे भटोबास, तेव्हा रिद्धपूरला गोविंदप्रभूंच्या सहवासात होते. त्यांनी जे स्वतः अनुभवलं ते त्यांच्याकडून घेतलं, आणि जे त्यांच्यासमोर घडलं नव्हतं, त्यासाठी ज्यांच्यासमोर घडलं त्यांना म्हाइंभट जाऊन भेटला. साधारण १२७८च्या सुमारास रिद्धपूरच्या वाजेश्वरीला ग्रंथ तयार झाला. पुढे खलजींच्या स्वाऱ्यांच्या धामधुमीत मूळ पोथी गेली. पंथातल्या मंडळींनी आठवणीतून ती पुन्हा उभी केली, आणि अर्थातच सगळ्यांच्या आठवणी जुळेनात.

आता त्यांनी काय केलं ते पाहा. सगळ्या आठवणी घोटून एक गुळगुळीत मजकूर केला नाही. हिराइसेचा पाठ, रामेश्वरबासांचा पाठ, परशरामबासांचा पाठ अशी वेगळेपणाची नोंद राहू दिली. एकाच प्रसंगाबद्दल कोण काय सांगतो, हे वाचणाऱ्याला दिसावं अशी सोय ठेवली. चौदाव्या शतकातल्या ‘स्थानपोथी’त तर स्वामी जिथे जिथे राहिले त्या जागांची वर्णनं आहेत, देवळाचं दार कोणत्या दिशेला इथपर्यंत. म्हणून सहा-सातशे वर्षांनी वि. भि. कोलत्यांसारख्या संशोधकाला पोथ्या समोर ठेवून १९७८मध्ये ‘लीळाचरित्रा’ची आवृत्ती सिद्ध करता आली. मधल्या लोकांनी मतभेद पुसून टाकले असते, तर कोलत्यांना संपादन करायला उरलंच काय असतं?

यंत्राची खोड नेमकी उलटी आहे. पाच जणांची पाच मतं दिली की त्यांतून ते एक मधलं, सौम्य, कुणालाच न दुखवणारं मत काढून देतं, आणि कोण काय म्हणालं हे त्या मधल्या मतात बुडून जातं. बोंडअळीबद्दल कीटकशास्त्रज्ञ, बियाणं कंपनी, कृषी सहायक आणि अकोटचा शेतकरी यांचं म्हणणं एकमेकांशी जुळत नाही. हे न जुळणं हाच तुमच्या प्रबंधाचा विषय असू शकतो. यंत्राने त्याची ‘विविध घटक कारणीभूत आहेत’ अशी लापशी करून दिली, तर विषयच गेला. आढाव्याचं प्रकरण यंत्राने लिहू नये असं मी म्हणतो, ते चोरीच्या भीतीपेक्षा या कारणाने जास्त.

याच महानुभाव पंथाने पुढे आपले ग्रंथ सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत ठेवले, आणि शतकानुशतकं बाहेरच्या माणसाला ते वाचता येत नव्हते. इतिहाससंशोधक राजवाड्यांच्या काळात, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, ती कुलपं उघडली. डेटा-सुरक्षेचं हे एक टोक झालं. कुणाची साक्ष कुणाच्या हाती पडावी, याचा विचार इतका ताणलेला. आजच्या संशोधकाने दुसरं टोक गाठलं आहे, आणि त्याबद्दल मला इथे जरा सविस्तर लिहायचं आहे, कारण वऱ्हाडात ते टोक जिवाशी येऊ शकतं.

शेतकरी आत्महत्या हा आपल्याकडच्या समाजकार्य, समाजशास्त्र आणि अर्थशास्त्र विभागांचा गेल्या वीस वर्षांचा विषय. जुलै २००६मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग विदर्भात येऊन गेले आणि सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांचं पॅकेज जाहीर झालं, त्यांत अमरावती विभागातले पाचही जिल्हे होते. तेव्हापासून किती संशोधक किती घरांच्या ओसरीवर बसून गेले, याची गणती नाही. प्रश्नावली तीच, घर तेच. सरकारी मदतीसाठी प्रत्येक प्रकरण पात्र की अपात्र असं ठरतं. कर्ज बँकेचं होतं का, थकलं होतं का, वसुलीचा तगादा होता का, यांवर तो एक लाख रुपयांचा निर्णय फिरतो. अशा घरातली बाई तासाभराने मोकळी होते आणि चौकशीला आलेल्या अधिकाऱ्याला जे सांगितलं नाही ते तुम्हाला सांगते: सावकाराचं नाव, नवऱ्याचं पिणं, दिराशी वावराच्या हिश्श्यावरून झालेलं भांडण. तुम्ही मोबाइलवर रेकॉर्डिंग करता, घरी येऊन ती फाइल कुठल्यातरी फुकट यंत्रावर चढवता आणि म्हणता, ‘याचं टंकलेखन कर, थीम काढ.’

त्या क्षणी तिची साक्ष तुमच्या हातातून गेली. ती कुठल्या देशातल्या सर्व्हरवर राहील, किती दिवस राहील, पुढच्या यंत्राच्या प्रशिक्षणात वापरली जाईल का, हे त्या त्या कंपनीच्या अटींवर आणि तुम्ही मोबाइलमध्ये कुठली खूण काढली किंवा ठेवली यावर अवलंबून आहे. तुमच्या संमतीपत्रावर तिने अंगठा दिला तो ‘फक्त संशोधनासाठी’ या वाक्याखाली. यंत्राचा उल्लेख त्यात नव्हता. नाव खोडलं म्हणजे झालं, असं अनेकांना वाटतं. पण साडेतीनशे उंबऱ्यांच्या गावात गावाचं नाव, मृत्यूचा महिना, वय आणि मुलींची संख्या एवढं असलं, की नाव कुठलंही लिहा, घर कळतं. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा २०२३ साली झाला आहे, वैद्यकीय संशोधनासाठी आयसीएमआरची २०१७ची नैतिक मार्गदर्शक तत्त्वं आहेत आणि कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी २०२३ची वेगळी आहेत. ती वाचाच. पण कायदा नसता तरी त्या बाईला दिलेला शब्द होताच. मुलाखतीचा कच्चा मजकूर सार्वजनिक यंत्राला द्यायचा नाही, एवढी एकच गोष्ट या पुस्तिकेतून कुणी उचलली तरी माझं समाधान होईल. टंकलेखन हाताने करा. वेळ लागतो. तो लागायलाच हवा, कारण तिसऱ्यांदा ऐकताना ती कुठे थांबली होती ते कळतं.

शिवाय यंत्राला वऱ्हाडी नीट कळत नाही. ते घडलं पुस्तकी, वर्तमानपत्री मराठीवर. ओसरीवरचं बोलणं ते प्रमाण मराठीत इस्त्री करून देतं, आणि बोलीचा अभ्यास करणाऱ्याच्या हातातला पुरावाच धुतला जातो. मेळघाटात तर आणखी कठीण. धारणी-चिखलदऱ्यातली कोरकू ही मराठीच्या कुळातली भाषा नाही, ती मुंडा गटातली. २०११च्या जनगणनेत तिचे बोलणारे सुमारे सव्वासात लाख. इंटरनेटवर तिचा मजकूर नावालाच सापडतो. त्यामुळे यंत्राने ‘कोरकूतून’ केलेल्या भाषांतरावर कुपोषणाचा निष्कर्ष उभा करणं म्हणजे हवेत खांब रोवणं. तिथे तुमच्यासाठी खरा दुभाषा अंगणवाडी सेविका किंवा आशाताई असते. तिने सांगितलेलं तिच्या नावानिशी, किंवा तिला नको असेल तर तिच्या भूमिकेनिशी, प्रबंधात नोंदवलं पाहिजे. ते आजवरच्या प्रबंधांत फार क्वचित दिसतं, आणि याचा दोष यंत्राला देता येणार नाही.

आता यंत्राच्या बाजूने. आपल्या विद्यार्थ्याला सर्वांत जास्त भीती इंग्रजीची. रसायनशास्त्रातला पोरगा प्रयोगशाळेत हुशार असतो, हाताला वळण असतं, निरीक्षण पक्कं असतं, आणि शोधनिबंध लिहायला बसला की ‘द’ कुठे घालायचा यात त्याचा महिना जातो. शहरातल्या इंग्रजी शाळेतून आलेल्या मुलाला हा कर कधी भरावा लागला नाही. स्वतः लिहिलेल्या परिच्छेदाचं व्याकरण यंत्राकडून तपासून घेणं, अवघड इंग्रजी लेख समजावून घेणं, आपल्या युक्तिवादावर आक्षेप मागणं, यात मला गैर काही दिसत नाही. उलट, गाइड आठवड्याला दहा मिनिटं देत असेल तर रात्री-बेरात्री न वैतागता प्रश्नांना उत्तर देणारं काहीतरी मिळालं, हे बरंच झालं म्हणायचं. अट एकच: पहिला मसुदा तुमचा, आणि तपासून आलेलं प्रत्येक वाक्य पुन्हा वाचायचं. व्याकरण सुधारताना यंत्र अर्थही सुधारतं. ‘संबंध आढळला’चं ‘कारण आहे’ कधी होतं, ते कळतही नाही.

आणि याच मुलावर सर्वांत मोठा अन्याय होतो तो एआय ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरचा. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २०२३मध्ये अशी ७ साधनं तपासली. इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांनी टोफेल परीक्षेसाठी स्वतः लिहिलेले ९१ निबंध दिले, तर सरासरी ६१ टक्के निबंध या साधनांनी यंत्राचे ठरवले; अमेरिकेतल्या आठवीच्या मुलांचे निबंध मात्र जवळपास सगळे बरोबर ओळखले. कारण उघड आहे. साधी वाक्यरचना आणि मर्यादित शब्दसंपत्ती या साधनांना यंत्रासारखी वाटते, आणि आपलं इंग्रजी तसंच असतं. चॅटजीपीटी काढणाऱ्या ओपनएआयने स्वतःचं असं साधन जुलै २०२३मध्ये अचूकता कमी म्हणून मागे घेतलं. २०२४ साली हरियाणातल्या एका खासगी विद्यापीठातला एलएल.एम.चा विद्यार्थी याच प्रकारच्या ठपक्यावरून नापास ठरवला गेला आणि थेट उच्च न्यायालयात गेला. तेव्हा एखाद्या समितीने निव्वळ सॉफ्टवेअरच्या टक्क्यावर कुणाला दोषी धरू नये. संशय आला तर त्याला समोर बसवा, फील्ड डायरी मागा, मसुद्याच्या जुन्या आवृत्त्या मागा, दुसऱ्या प्रकरणातलं एखादं वाक्य का लिहिलं ते विचारा. ज्याने लिहिलं तो अडखळत का होईना सांगतो.

टक्क्यांचा हा सोस आला कुठून? विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८च्या नियमांतून. १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला शिक्षा नाही. १० ते ४० टक्क्यांना सहा महिन्यांच्या आत दुरुस्त प्रत. ४० ते ६० टक्क्यांना एक वर्ष बंदी. त्यावर गेलं तर नोंदणी रद्द. सलग १४ शब्दांपर्यंतचं योगायोगाचं साम्य मोजायचं नाही, इतका बारकावाही त्यात आहे. नियम वाईट नव्हते, पण त्यांतून ‘टक्का कमी करून देतो’ असा एक धंदा उभा राहिला. यंत्राने लिहिलेला मजकूर तर या चाळणीतून सहज खाली पडतो, कारण तो शब्दशः कुठूनच उचललेला नसतो. दहाच्या आत टक्का आला म्हणजे प्रबंध प्रामाणिक, हा समज आता सोडून द्यावा लागेल.

अकोल्याच्या वाचकांसाठी आकडेमोडीचं वेगळं प्रकरण आत आहे, म्हणून इथे थोडक्यात. रँडमाइज्ड ब्लॉक डिझाइनच्या चाचणीचे आकडे यंत्रात टाकून ‘अ‍ॅनोव्हा करून दे’ म्हटलं, तर काही वेळा ते खरंच हिशेब करतं, काही वेळा हिशेब केल्यासारखा तक्ता लिहितं, आणि दोन्ही तक्ते दिसायला सारखेच. त्यापेक्षा त्याच्याकडून ‘आर’मधला प्रोग्रॅम लिहून घ्या, तो स्वतः चालवा, आणि आधीच्या बॅचच्या एखाद्या तपासलेल्या चाचणीवर उत्तर जुळतं का ते पाहा. प्रोग्रॅम दुसऱ्याला दाखवता येतो, पुन्हा चालवता येतो. गेलेल्या प्लॉटचा, रानडुकरांनी खाल्लेल्या ओळींचा आकडा मात्र यंत्राकडून ‘भरून’ घ्यायचा नाही. फील्ड बुकात ती जागा रिकामी असेल तर प्रबंधातही गहाळ आकडा म्हणूनच दाखवायची. त्यासाठीच्या संख्याशास्त्रीय रीती ठरलेल्या आहेत, आणि रीत वापरली हे लिहायचं असतं.

यंत्र वापरलं हे सांगायचं कसं, हा प्रश्न सगळ्यात जास्त विचारला जातो, आणि उत्तर सगळ्यात सोपं आहे. प्रतिज्ञापत्राच्या पुढच्या पानावर चार ओळी लिहा: कोणतं साधन, कोणत्या महिन्यात, कोणत्या प्रकरणासाठी, कशासाठी, आणि कशासाठी वापरलं नाही. ‘तिसऱ्या व पाचव्या प्रकरणातील इंग्रजी सारांशाचे व्याकरण अमुक साधनाने तपासले. मुलाखतींचे टंकलेखन, संकेतन व अर्थनिर्णयन मी स्वतः केले असून कोणतीही मुलाखत कोणत्याही साधनाला दिलेली नाही.’ एवढं पुरे. असं लिहिलं तर परीक्षक अडवतील, अशी भीती मुलांना वाटते. ती अगदीच खोटी नाही. काही परीक्षक अडवतीलही. युनेस्कोने सप्टेंबर २०२३मध्ये शिक्षण आणि संशोधनासाठी मार्गदर्शिका काढली, युरोपीय आयोगाने मार्च २०२४मध्ये संशोधकांसाठी काढली. उघडपणे सांगण्याचा आग्रह दोन्हींत आहे. आपल्या आरआरसीच्या बैठकांतही तो हळूहळू येईल. तोवर पहिल्या काही जणांना थोडा त्रास होईल.

राहिले गाइड. अनुदान आयोगाच्या २०२२च्या नियमांप्रमाणे प्राध्यापकाला ८, सहयोगी प्राध्यापकाला ६ आणि सहायक प्राध्यापकाला ४ संशोधक घेता येतात. त्यात नॅकची कामं, परीक्षा, पेपर तपासणी. अशात काही जण विद्यार्थ्याचा मसुदा स्वतः न वाचता यंत्रात टाकतात आणि आलेले शेरे पुढे पाठवतात. परीक्षकही अहवालासाठी तेच करतात, असं आता उघड बोललं जातं. विद्यार्थ्याने यंत्राकडून लिहून घ्यायचं, गाइडने यंत्राकडून वाचून घ्यायचं आणि परीक्षकाने यंत्राकडून तपासून घ्यायचं, म्हणजे सगळ्यांच्या सह्या झाल्या आणि प्रबंध कुणीच वाचला नाही. शिवाय अप्रकाशित प्रबंध ही दुसऱ्याची ठेव असते. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने जून २०२३मध्येच आपल्या परीक्षकांना संशोधन प्रस्ताव अशा यंत्रांत टाकायला मनाई केली. आपल्याकडेही परीक्षकाला पाठवायच्या पत्रात तशी एक ओळ घालायला काहीच खर्च येत नाही.

पुस्तिकेच्या शेवटी एक तक्ता जोडला आहे. दर सहा महिन्यांनी भरून फाइलला लावायचा. त्यात दोन रकाने आहेत: एकात विद्यार्थ्याने यंत्र कुठे वापरलं ते लिहायचं, दुसऱ्यात गाइडने. दुसरा रकाना छापू नये, गैरसमज होतील, असं मसुदा पाहणाऱ्यांपैकी दोघा-तिघांनी सुचवलं होतं. तो छापला आहे.